सोळा किलोओहमचा हट्ट

या महिन्याच्या टपालात पिकअपवर, म्हणजे गिटारच्या तारेची थरथर विजेच्या सिग्नलमध्ये बदलणाऱ्या भागावर, इतकी पत्रं आली की बाकीचे प्रश्न मी पुढच्या अंकासाठी बाजूला ठेवले आहेत. खुंट्या, फ्रेट, वाकलेली मान, सगळ्यांना उत्तरं मिळतील. पण हेवी मेटल वाजवणारी मुलंमुली सध्या एकाच कोड्यात अडकलेली दिसतात आणि त्यात त्यांचे साठवलेले पैसे जातात, म्हणून आजची पानं त्यांची.

नव्या वाचकांसाठी थोडं माझ्याबद्दल. मिरजेत माझ्या वडिलांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. ऊसपट्ट्यातल्या पंपांच्या जळालेल्या मोटारी आमच्याकडे यायच्या. जळकी तार काढायची, वेढे मोजायचे, गेज बघायचं, नवी एनॅमलची तार भरायची, वार्निश करायचं. दुकानापासून चार पावलांवर सतारमेकरांची गल्ली. घरात तांब्याची तार आणि गल्लीत पोलादाची, अशी मी वाढले. इलेक्ट्रिक गिटारचा पिकअप म्हणजे या दोन तारांची गाठभेट: चुंबकाभोवती तांब्याचे हजारो वेढे आणि त्यांच्यावर थरथरणारी पोलादी तार. गेली बावीस वर्षं मी पुण्यात गिटारी दुरुस्त करते आहे, आणि आजही पिकअप उघडला की मला मिरजेच्या दुकानातल्या वार्निशचा वास आठवतो.

ताई, माझ्याकडे दोन हम्बकरची साधी गिटार आहे, स्केल साडेपंचवीस इंच. आम्ही ड्रॉप सी मध्ये वाजवतो, म्हणजे सगळ्यात जाड तार सी पर्यंत उतरवून. गेन वाढवला की खालच्या तारेचा नुसता चिखल होतो, रिफ कळतच नाही. बँडमधले सगळे म्हणतात की मूळचा पिकअप कमजोर आहे, म्हणून मी सोळा किलोओहमच्या वरचाच घ्यायचा ठरवलं आहे. दहा हजार जमवले आहेत. कुठला घेऊ?
— एकोणीस वर्षांचा वाचक, इचलकरंजी

तुझ्या पत्रातली सगळ्यात उपयोगी ओळ म्हणजे 'रिफ कळतच नाही'. आवाज कमी पडतो असं तू कुठेच म्हटलेलं नाहीस. म्हणजे तुला हवा आहे स्पष्टपणा, आणि तू विकत घ्यायला निघाला आहेस जोर. या दोन गोष्टी एकाच डब्यात मिळतीलच असं नाही. बऱ्याचदा जोर वाढवला की स्पष्टपणा कमीच होतो.

आधी त्या सोळा किलोओहमचं बघू. पिकअपला मीटर लावला की दिसणारा आकडा हा फक्त तांब्याच्या तारेचा रोध असतो. जुन्या पद्धतीच्या हम्बकरमध्ये, म्हणजे दोन कॉइलच्या पिकअपमध्ये, एकेका कॉइलला साधारण पाच हजार वेढे असतात. तार बेचाळीस गेजची, म्हणजे जाडीला मिलिमीटरच्या पंधराव्या-सोळाव्या भागाएवढी. एका कॉइलमध्ये साडेसहाशे-सातशे मीटर तार बसते. दोन्ही कॉइल मिळून रोध साडेसात-आठ किलोओहम भरतो. आता वेढे तेवढेच ठेवून एक गेज बारीक तार घेतली, तर रोध लगेच सुमारे सव्वापट होतो. वेढा एकही वाढला नाही, चुंबक तोच, पण आकडा वाढला. माझे वडील मोटारीला मीटर लावायचे ते कॉइल तुटली आहे का, कुठे चिकटली आहे का, हे बघायला. मोटार किती हॉर्सपॉवरची हे त्यांनी कधी ओहम मोजून सांगितलं नाही.

एक उदाहरण देते. सेमूर डंकन कंपनीचे जेबी आणि डिस्टॉर्शन हे दोन पिकअप मेटलवाल्यांच्या तोंडी कायम असतात. दोघांचाही रोध साडेसोळा किलोओहमच्या आसपास. जेबीमध्ये ॲल्निको पाच जातीचा चुंबक आहे, म्हणजे ॲल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्टच्या मिश्रधातूचा. डिस्टॉर्शनमध्ये सिरॅमिक चुंबक आहे. दोन्ही एकाच गिटारमध्ये आलटून पालटून बसवून बघ, बहिऱ्यालाही फरक कळेल. जेबी वरच्या मधल्या सुरांत पुढे येतो, सोलो गाऊन दाखवतो, पण त्याचा खर्ज जरा सैल असतो. डिस्टॉर्शनचा खर्ज आवळलेला आणि वरची धार जास्त. आकडा सारखा, स्वभाव वेगळा.

बारीक तारेचे खूप वेढे घेतले की आणखी एक गोष्ट होते. कॉइलचं इंडक्टन्स वाढतं आणि पिकअप ज्या पट्टीत सगळ्यात जास्त झळकतो ती पट्टी खाली सरकते. तारेवर पिक आपटल्याचा जो 'टक' असतो, तो त्या वरच्या भागात असतो. तो गेला की ड्रॉप सी मध्ये एक नोट कुठे संपली आणि दुसरी कुठे सुरू झाली हे कानाला कळत नाही. तुझा चिखल अशानेही होऊ शकतो.

पण तुझ्याकडे तर अजून मूळचाच पिकअप आहे. मग चिखल कुठून आला? मला तारांचा संशय आहे. पत्रात तू तारांचं गेज (जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) लिहिलं नाहीस, म्हणून धरून चालते की दुकानातून आलेला दहा-सेहेचाळीसचा सेट अजून तसाच आहे. सेहेचाळीसची तार ई वरून सी पर्यंत उतरवली की तिचा ताण एक तृतीयांशाहून जास्त कमी होतो. ती तार मग सुरात राहत नाही. जोरात पिक मारलास की आधी सूर चढतो आणि मग खाली येतो, शिवाय ती फ्रेटांवर आपटते. अँपचं डिस्टॉर्शन ही सगळी खडखड मोठी करून दाखवतं. खालच्या तारेला किमान चोपन्न घे, साडेपंचवीसच्या स्केलवर छप्पन्न घेतलीस तर उत्तम. मानेच्या टोकाशी तार जिथे टेकते त्या नटची खाच त्या जाडीला थोडी रुंद करावी लागेल, ती घरी घासू नकोस, एकदा जास्त खोल गेली की नट बदलावा लागतो.

तारा बदलल्या की पिकअपची उंची बघ. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून धर आणि तारेच्या खालच्या कडेपासून पिकअपच्या खुंटीपर्यंतचं, म्हणजे तारेखालच्या लोखंडी डोक्यापर्यंतचं, अंतर मोज. ब्रिजच्या (घोडीजवळच्या) पिकअपला जाड तारेकडे दोन मिलिमीटर आणि बारीक तारेकडे दीड, इथून सुरुवात कर. जास्त जोर मिळावा म्हणून बरेच जण पिकअप तारेला चिकटेपर्यंत वर घेतात. मग चुंबक तारेला ओढतो, ती मोकळी थरथरत नाही, आणि खर्ज एवढा अंगावर येतो की अँपचा पुढचा टप्पा गुदमरतो. स्क्रू अर्धा अर्धा फेरा खाली घेत जा आणि प्रत्येक वेळी तीच रिफ वाजव. हे काम स्क्रूड्रायव्हरचं आहे, याला एक रुपया लागत नाही.

त्यानंतर मागचं झाकण उघडून व्हॉल्यूमच्या पॉटवर, म्हणजे बटणाखालच्या फिरत्या रोधावर, काय छापलंय ते वाच; के म्हणजे किलोओहम. ए५००के किंवा बी५००के असेल तर ठीक. २५०के निघाला तर तिथेच वरची धार जमिनीत जाते आहे. तेव्हा आधी तो बदल.

आणि अँपच्या आधी ओव्हरड्राइव्हचं पेडल लाव. इबानेझच्या ट्यूब स्क्रीमरसारखं, हिरव्या रंगाचं कुठलंही चालेल. ड्राइव्ह जवळजवळ शून्यावर, लेव्हल पूर्ण वर, आणि अँपचा गेन आता आहे त्यापेक्षा कमी. हे पेडल अँपकडे जाणारा खर्ज छाटतं. मेटलच्या असंख्य रेकॉर्डिंगमध्ये गिटारचा खर्ज एवढा आवळलेला ऐकू येतो, त्याच्या मागे हीच साधी जोडणी असते. कित्येक मुलं पेडलचा ड्राइव्हही पूर्ण वर ठेवतात आणि अँपचा गेनही, म्हणजे चिखलात पाणीच ओतायचं.

एवढं केल्यावरही मूळचा पिकअप पोकळ वाटला, आणि स्वस्त गिटारमध्ये तसं होऊ शकतं, तर ब्रिजला सिरॅमिक चुंबकाचा घे. तुझ्या ड्रॉप सी ला मी जेबीपेक्षा डिस्टॉर्शन सांगेन. तुमचा बँड ई मध्ये थ्रॅश वाजवत असता तर जेबी सांगितला असता, मेगाडेथच्या डेव्ह मस्टेननं ब्रिजला जेबी आणि नेकला (मानेजवळ) डंकनचाच जॅझ हा पिकअप, ही जोडी वर्षानुवर्षं वापरली आहे. डिमार्झिओ कंपनीचा सुपर डिस्टॉर्शनही तुला परवडेल अशा भावात मिळाला तर बघ. १९७२च्या सुमाराचं डिझाइन आहे. गिटार विकत घेतल्यावर बाहेरून आणून बसवायचा पिकअप हा धंदाच त्याच्यापासून उभा राहिला, आणि सिरॅमिकचा तो भरदार आवाज आजही जुना झालेला नाही. त्याचा रोध चौदाच्या आतला आहे. तुझ्या सोळाच्या अटीत तो बसलाच नसता.

फक्त ब्रिजचाच घे. नेकचा मूळचा राहू दे. उरलेल्या पैशांत तारा आणि पेडल.

माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे. आई म्हणून त्याचं मन मोडायचं नाही, पण पिकअपचा एक जोड चौदा हजारांचा सांगतोय. मला ते संगीत नुसता आरडाओरडा वाटतो. माझं माहेर गाण्याचं, आत्या तंबोऱ्यावर गायच्या. ही खरंच गरज आहे की हौस?
— एक आई, सातारा

तुम्ही तंबोऱ्याचं नाव काढलंत म्हणून तिथूनच सुरुवात करते.

आत्याबाईंच्या तंबोऱ्याला जवारी असेल. घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवत सरकवत एक जागा अशी सापडते की तार एकदम उघडते आणि एका सुरातून दहा सूर बोलायला लागतात. आमच्या गल्लीतले कारागीर ती घोडी तासन् तास घासत बसायचे, त्या एका झणकारासाठी. तुमच्या मुलाच्या अँपमधलं डिस्टॉर्शनही तारेच्या मूळ सुरावर वरचे सूर चढवतं. जवारीत ते तार आणि घोडीच्या घसटीतून येतात, इथे लाट वरून-खालून कापली गेल्यामुळे येतात. आता गंमत अशी की एवढं डिस्टॉर्शन लावून पूर्ण कॉर्ड वाजवला तर गंधार वरच्या सुरांशी भांडतो आणि सगळं खरखरीत होतं. म्हणून मेटल वाजवणारे गंधार टाकून देतात आणि नुसते दोन सूर धरतात. त्याला ते पॉवर कॉर्ड म्हणतात. ते दोन सूर कोणते? षड्ज आणि पंचम. आत्याबाईंच्या तंबोऱ्यात मिळवलेले तेच. आज रात्री त्याच्या खोलीच्या दाराशी उभ्या राहून नुसते सा आणि प ऐकायचा प्रयत्न करा. तुमचा कान माहेरचा आहे, त्याला ते सापडतील.

आता चौदा हजारांचं. गिटारच्या खुंट्या घसरत असतील, फ्रेट झिजले असतील, तर पिकअप बदलून काहीही होणार नाही. त्याला दहा मिनिटं वाजवायला सांगा आणि मग विचारा, परत सूर मिळवावे लागले का? हो म्हणाला तर पैसे खुंट्यांवर खर्च करा. नाही म्हणाला, गिटार चांगली असेल आणि दीड-दोन वर्षं तो नेमानं वाजवत असेल, तर मागणी फालतू नाही. पण जोडीची गरज नाही. मेटलमधलं बहुतेक काम ब्रिजच्या पिकअपवर चालतं, एकच घेऊन द्या. एक आणखी: काढलेला मूळ पिकअप डबीत जपून ठेवायला सांगा. उद्या गिटार विकायची झाली तर तो परत बसवता येतो आणि महागाचा पिकअप पुढच्या गिटारमध्ये जातो. हा खर्च वाया जाणारा नाही.

मॅडम, डिमार्झिओचा पिकअप घेतला आणि जुन्या आकृतीप्रमाणे काळजीपूर्वक स्वतः जोडला. आवाज अगदी बारीक, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा, आणि गुणगुण सिंगल कॉइलसारखी. दुकानदार म्हणतो पिकअप बरोबर आहे. फसवलं गेलो का?
— वाचक, नांदेड

फसवले गेला नाहीत, फक्त रंगांनी घोळ घातला आहे. तुम्ही आकृतीचा फोटो पाठवलात हे फार बरं केलंत. ती डंकनच्या पिकअपची आहे. डंकनमध्ये काळी तार पुढे व्हॉल्यूमकडे जाते, लाल आणि पांढरी एकमेकींना जोडून वेगळ्या गुंडाळून ठेवायच्या, हिरवी जमिनीला. डिमार्झिओमध्ये लाल तार पुढे जाते, काळी आणि पांढरी एकमेकींना, हिरवी जमिनीला. उघडी तार दोन्हीकडे जमिनीलाच. कंपन्यांनी आपापले रंग ठरवले आणि पन्नास वर्षं तेच चालू आहे.

तुमच्या जोडणीत एक कॉइल उलटी झाली. हम्बकरची खुबी अशी की दोन कॉइलचे चुंबकीय ध्रुव एकमेकांच्या विरुद्ध आणि जोडणीही विरुद्ध. तारेची थरथर दोनदा उलटून सुलटी होते आणि बेरजेत येते. घरातल्या वायरिंगची पन्नास हर्ट्झची गुणगुण मात्र चुंबकाला विचारत नाही, तिला फक्त जोडणीची उलट लागू होते, म्हणून ती वजा होते. गिब्सन कंपनीत सेथ लव्हर यांनी हे बसवलं आणि १९५५मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. तुमच्याकडे एक उलट कमी झाल्यामुळे नेमकं वाकडं घडतंय: सूर वजा होतोय आणि गुणगुण बेरजेत जातेय.

डाख काढा, चारही तारा मोकळ्या करा, मीटर लावून बघा. लाल-काळीमध्ये एकूण रोधाच्या सुमारे निम्मा आकडा यायला हवा, हिरवी-पांढरीमध्येही तेवढाच. आला की वर सांगितलेल्या रंगांनी परत जोडा. डाख देण्याची इस्त्री (सोल्डरिंग आयर्न) पॉटच्या पाठीवर दहा-दहा सेकंद टेकवून ठेवू नका, पॉट भाजतो. आधी पाठ पॉलिश पेपरनं खरवडा, मग कथील लगेच धरतं.

ताई, मला मेटालिकासारखी ऱ्हिदम हवी आहे, म्हणून ईएमजी ८१ घ्यायचाच आहे. पण आमच्या ड्रमरचं म्हणणं की ॲक्टिव्ह पिकअपला जीव नसतो आणि बॅटरी कार्यक्रमात दगा देते. तुमचं मत?
— वाचक, नाशिक

३० ऑक्टोबर २०११ला बंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर मेटालिकाच्या कार्यक्रमाला मी त्या गर्दीत होते. त्यांचा गिटारवादक जेम्स हेटफिल्ड याच्या उजव्या हाताखालून खालच्या दिशेनं मारलेले ते आघात इतके सुटे सुटे ऐकू येत होते की मी पुण्याला परत येईपर्यंत तेच मोजत होते. त्या आवाजातला मोठा वाटा हाताचा आहे, पण ८१चाही आहे. तेव्हा तुझी ओढ मला समजते.

ॲक्टिव्हमध्ये काय होतं ते ऐक. कॉइल कमी वेढ्यांची असते, त्यामुळे तिचा स्वतःचा आवाज बारीक, पण वरची धार शाबूत. तो बारीक आवाज पिकअपच्याच पोटातला छोटा ॲम्प्लिफायर मोठा करतो, त्यासाठी नऊ व्होल्टची बॅटरी. बाहेर पडणारा सिग्नल इतका भक्कम असतो की लांब केबलमध्ये तो मलूल होत नाही. चुंबकाची ओढही तारेवर कमी, म्हणून पिकअप तारेच्या बराच जवळ नेता येतो. रॉब टर्नर यांनी १९७६मध्ये कॅलिफोर्नियात ईएमजी ही कंपनी सुरू केली, आणि मेटलमधल्या पिढ्याच्या पिढ्या त्या काळ्या, कुठलीही खुंटी न दिसणाऱ्या पिकअपवर वाढल्या.

'जीव नसतो' याच्यात थोडं तथ्य आहे. तू हळू वाजवलंस काय आणि जोरात वाजवलंस काय, ८१ सगळ्याला एका रांगेत उभं करतो. व्हॉल्यूम थोडा उतरवून स्वच्छ आवाज काढायची सवय असेल तर तो तुला रुक्ष वाटेल. पण तुमच्या बँडमध्ये तू दोन तास फक्त पाम-म्यूट (तळहाताची कड तारांवर टेकवून आवाज दाबणं) मारणार असशील तर ही शिस्तच तुझ्या कामाची आहे. नेकला ईएमजी ६० बसव. हेटफिल्ड आणि मेटालिकाचाच दुसरा गिटारवादक कर्क हॅमेट दोघांच्याही गिटारमध्ये ही जोडी असायची, आणि ६०चा स्वच्छ आवाज खरोखर गोड आहे.

बॅटरीची भीती मात्र सोडून दे. एक पिकअप एका मिलिअँपिअरच्या दहाव्या भागाहून कमी करंट घेतो. चांगली अल्कलाइन बॅटरी घातली तर महिनोन् महिने बघावं लागत नाही. दगा देतात त्या दोन गोष्टी: स्वस्तातला साधा कार्बनचा सेल, जो पडून पडून पाझरतो आणि आतलं सगळं खराब करतो, आणि केबल. ॲक्टिव्ह गिटारमध्ये जॅकच स्विचचं काम करतो. केबल खोचून ठेवली की बॅटरी चालू. सराव झाला की केबल काढायची, एवढी सवय लाव. आवाज फाटका आणि बसका यायला लागला की बॅटरी संपत आली समज, अचानक मरत नाही ती. बदलल्याची तारीख पेनानं तिच्यावरच लिही.

पैसे मोजण्याआधी मागचं झाकण उघडून बॅटरीला जागा आहे का बघ. लाकूड कोरावं लागणार असेल तर ते खर्चात धर. पॉट २५ किलोओहमचे लागतात, जॅक स्टिरिओ लागतो. नव्या पिकअपच्या खोक्यात ते सोबत येतात, जुना घेत असशील तर विचारून घे. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत मी एकदा पूर्ण दुपार २५के चे योग्य लांबीचे पॉट शोधत फिरले आहे. आणि जुने ५०० किलोओहमचे पॉट तसेच ठेवलेस तर व्हॉल्यूम नुसता चालू-बंद स्विचसारखा वागेल.

माझा पुतण्या पुण्यात गिटार वाजवतो. डिसेंबरात भारतात येताना त्याच्यासाठी हम्बकर आणणार आहे. एकाच मॉडेलमध्ये दोन मापं दिसतात. कुठलं घेऊ? त्याला आश्चर्याचा धक्का द्यायचा आहे.
— वाचक, न्यू जर्सी

धक्का पिकअपचा द्या, मापाचा नको. त्याच्या आईला फोन करून ब्रिजपाशी पहिल्या आणि सहाव्या तारेच्या मध्यांमधलं अंतर पट्टीनं मोजायला सांगा. त्रेपन्न मिलिमीटरच्या आसपास आलं, किंवा गिटारला फ्लॉइड रोझचा झुलता ब्रिज असेल, तर रुंद माप. डिमार्झिओ त्याला एफ-स्पेस म्हणतं, डंकन ट्रेमबकर म्हणतं आणि मॉडेलच्या आधी टीबी लिहितं. पन्नास आलं तर साधं. चुकलं तरी पिकअप वाजतो, बाहेरच्या तारा खुंट्यांवरून थोड्या सरकलेल्या दिसतात एवढंच. पण भेट आहे, नीट बसावी. आणि सहा तारांची गिटार आहे की सात, हेही त्याच फोनवर विचारा.

गेन वाढवला आणि हात थांबवला की गिटार शिट्टी मारते. तारा दाबून धरल्या तरी थांबत नाही. नॉइज गेट घेऊ का?
— वाचक, मडगाव

गेट घेतलात तर शिट्टी फक्त तुम्ही थांबल्यावर झाकली जाईल, वाजवताना आत असेलच. तारा दाबूनही ती थांबत नाही याचा अर्थ ती तारेची नाही, पिकअपच्या पोटातली आहे. वेढे सैल असले की ते स्वतःच थरथरतात आणि पिकअप मायक्रोफोन होतो. खात्री करायची तर अँप चालू ठेवून पिकअपवर पेन्सिलीनं हलकी टिचकी मारा. टकटक स्पीकरमधून स्वच्छ ऐकू आली की रोग सापडला. पत्र्याचं झाकण असलेल्या पिकअपमध्ये झाकणच सैल असू शकतं.

इलाज म्हणजे मेण पाजणं. आमच्या दुकानात मोटारीला वार्निश करायचे, त्यामागचं कारण हेच: वेढा हलता कामा नये. पॅराफिन मेण, जमलं तर त्यात थोडं मधमाश्यांचं, एका डब्यात घालून तो डबा गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवा. डबा थेट गॅसवर कधीही ठेवू नका, मेण पेट घेतं. थर्मामीटर हवाच. पासष्ट अंशांच्या आसपास ठेवा, फार वर गेलं तर कॉइलची प्लॅस्टिकची चौकट वाकते. पिकअप तारेनं लटकवून बुडवा, बुडबुडे येणं थांबेपर्यंत, साधारण वीस मिनिटं. बाहेर काढून वरचं मेण लगेच पुसा, खुंट्यांच्या स्क्रूमधलं विशेष करून. मग रात्रभर तसाच गार होऊ द्या, फ्रीजमध्ये घालू नका.

गोव्याच्या हवेत पिकअपच्या खुंट्यांना गंजही धरतो. पुसल्यावरही मेणाचा पातळ थर त्यांच्यावर राहिला तर तो खरवडायची घाई करू नका, पावसाळाभर तो तिथे कामाचा आहे.